विमानतळावरील जागेची वहिवाट : मुंबई आणि शिर्डी

१

अहमदनगर जिल्ह्याच्या (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) दळणवळणाच्या इतिहासाकडे पाहिले असता एक गोष्ट वारंवार प्रत्ययास येते. मार्ग या जिल्ह्यातून जातात; परंतु जेथे ते एकमेकांस मिळतात, ती ठिकाणे जिल्ह्याच्या सीमेबाहेर आहेत. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला. या मार्गाचे एक टोक पुणे जिल्ह्यात व दुसरे नाशिक जिल्ह्यात होते, आणि दोन्ही टोके ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य मार्गांवरील जंक्शने होती. नगर, राहुरी वा कोपरगाव येथे गाडीत चढलेल्या उतारूचा मुंबईपर्यंतचा प्रवास अखेर त्या जंक्शनांवरील गाड्यांच्या वेळापत्रकावर अवलंबून असे. मार्ग जिल्ह्याचा होता. त्याची किल्ली जिल्ह्याबाहेर होती.

१ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डी विमानतळाचे उद्घाटन झाले, तेव्हा हाच प्रश्न नव्या स्वरूपात उभा राहिला. श्रीसाईबाबांच्या समाधीस (१५ ऑक्टोबर १९१८) शंभर वर्षे पूर्ण होण्याच्या निमित्ताने कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने हा विमानतळ उभारला. आरंभीच्या सेवा मुंबई व हैदराबाद या दोन शहरांशी होत्या. धावपट्टी तयार होती, उतारूंचा ओघ निश्चित होता, आणि देवस्थानाची कीर्ती देशभर होती. तरीही विमान जेथून येणार व जेथे जाणार, त्या दुसऱ्या टोकास त्यासाठी जागा आहे काय, हा प्रश्न काकडीत सुटण्यासारखा नव्हता. तो मुंबईत सुटावयाचा होता. मुंबईत जागा कोणास मिळते, का मिळते, आणि एकदा मिळालेली जागा कोणाची होऊन राहते, याचे विवेचन केल्याशिवाय शिर्डीच्या विमानमार्गाचा इतिहास समजणे शक्य नाही.

२

विमानतळावरील ‘जागा’ हा शब्द सैलपणे वापरला जातो. वस्तुतः त्यात तीन भिन्न गोष्टींचा समावेश होतो. पहिली म्हणजे धावपट्टीवरील वेळ. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी विमान उतरविण्याची किंवा उडविण्याची जी परवानगी, तिला विमानवाहतुकीच्या व्यवहारात ‘स्लॉट’ म्हणतात. दुसरी म्हणजे विमान उभे करण्याची फरसबंद जागा, अर्थात ‘पार्किंग बे’. तिसरी म्हणजे इमारतीतील गेट, ज्यातून उतारू विमानात चढतात. त्यास एरोब्रिज जोडलेला असला तर उतारूस बसने जावे लागत नाही आणि विमान लवकर मोकळे होते.

या तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून आहेत. सकाळी सहा वाजता उड्डाणाची वेळ हाती असली, तरी विमान रात्री त्याच विमानतळावर उभे करण्यास जागा नसेल, तर त्या वेळेचा उपयोग करणे कठीण जाते. गेट मिळाले, पण ते तासाभराने दुसऱ्या कंपनीस द्यावयाचे असेल, तर उशिरा आलेल्या विमानास ताटकळत उभे राहावे लागते. म्हणून मोठ्या विमानतळावरील स्पर्धा ही केवळ तिकिटांच्या दरांची स्पर्धा नसते. सकाळची व सायंकाळची सोयीची वेळ, रात्रीचा मुक्काम आणि इमारतीजवळचे गेट हे तीन घटक ज्या कंपनीपाशी आहेत, तिचे विमान दिवसातून एक फेरी अधिक करू शकते. आणि व्यापारी उतारू, जो अधिक दर देण्यास तयार असतो, तो तिच्याकडे वळतो.

या तीन घटकांपैकी कोणता घटक खरा दुर्मीळ, हे देशपरत्वे बदलते. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने विमानवाहतुकीवरील सरकारी नियंत्रण उठल्यानंतर कंपन्यांनी एकेका मोठ्या शहरास आपले केंद्र बनविले, आणि तेथे गेट ही मुख्य रणभूमी ठरली. तेथील अनेक विमानतळांवर गेट दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने विशिष्ट कंपनीस दिलेली असत. नव्या कंपनीस शहरात येण्यास कायद्याची हरकत नसे, परंतु विमान लावण्यास दार नसे. शिकागोच्या ओहेअर विमानतळावर २०१८ च्या करारात, कंपनी आपल्या गेटचा किती वापर करते ते पाहून गेटची फेरवाटणी करण्याची तरतूद आली. त्या तरतुदीच्या अंमलबजावणीवरून २०२५ साली अमेरिकन एअरलाइन्सने शिकागो शहराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, कारण फेरवाटणीत तिची प्रतिस्पर्धी युनायटेड एअरलाइन्स हिचा वाटा वाढत होता.

भारतात गेट सामान्यतः विमानतळचालकाच्या ताब्यात राहते व वेगवेगळ्या कंपन्या ते आळीपाळीने वापरतात. या भेदाचा कस दिल्लीत लागला. २०१७ साली दिल्लीच्या विमानतळचालकाने पहिल्या टर्मिनलच्या विस्तारासाठी इंडिगो, स्पाइसजेट व गोएअर या तीन कंपन्यांना काही उड्डाणे दुसऱ्या टर्मिनलमध्ये हलविण्यास सांगितले. इंडिगोने दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०१७ मध्ये एकसदस्यीय पीठाने व फेब्रुवारी २०१८ मध्ये खंडपीठाने ती फेटाळली. कोणत्या इमारतीतून कोणी उडावे हे ठरविण्याचा अधिकार कंपनीचा नसून चालकाचा आहे, हे यातून स्पष्ट झाले. परिणामी भारतात गेटवर वहिवाट निर्माण होत नाही. ती निर्माण होते स्लॉटवर. मुंबईच्या इतिहासाचे रहस्य येथे आहे.

३

मुंबईच्या नागरी विमानवाहतुकीचा आरंभ जुहू येथे झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूस उतरले. त्या मैदानावर पावसाळ्यात पाणी साचे, म्हणून त्या काळात टाटांची विमाने पुण्यास हलवावी लागत. जागेची अडचण ही मुंबईच्या विमानवाहतुकीची जन्मापासूनची सोबतीण आहे. फक्त त्या वेळी अडचण पाण्याची होती, स्पर्धकांची नव्हती. पुढे ही वाहतूक सांताक्रूझच्या लष्करी विमानतळावर गेली. तेथे १९५८ साली नवी इमारत झाली, आणि १९८१ साली सहार येथे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले.

१९५३ च्या कायद्याने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. आठ खाजगी कंपन्या एकत्र करून देशांतर्गत वाहतुकीसाठी इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशन व परदेशी वाहतुकीसाठी एअर-इंडिया इंटरनॅशनल अशी दोन महामंडळे अस्तित्वात आली. या व्यवस्थेत जागेसाठी स्पर्धा संभवतच नव्हती. कोणत्या शहरास किती वाजता विमान जावे हा शासकीय नियोजनाचा भाग होता. याचा एक परिणाम दुर्लक्षित राहिला आहे: जवळजवळ चार दशके जागेच्या वाटपाचा कोणताही नियम तयार करण्याची गरजच भासली नाही. म्हणून १९९० नंतर आकाश खुले झाले, तेव्हा विमानतळावर पहिला पाय कोणी ठेवला यालाच नियमाचे महत्त्व आले.

१९९२ साली ईस्ट-वेस्ट, १९९३ साली जेट एअरवेज, दमानिया व मोदीलुफ्त अशा कंपन्या पुढे आल्या. १९९४ साली महामंडळांची कायदेशीर मक्तेदारी संपुष्टात आली. या कंपन्यांपैकी बहुतेक त्या दशकातच अस्तंगत झाल्या. मुंबईस आपले केंद्र करणाऱ्या जेटने मात्र तेथील सकाळ-सायंकाळच्या वेळांवर पक्के बस्तान बसविले. २००३ ते २००६ या काळात एअर डेक्कन, स्पाइसजेट, गोएअर व इंडिगो या स्वस्त दराच्या कंपन्या आल्या, तेव्हा मुंबईतील सोयीच्या वेळा बव्हंशी भरलेल्या होत्या.

जागा वाढविण्यास भौगोलिक मर्यादा होती. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींस छेदतात. त्यामुळे दोन असूनही त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. भोवती दाट वस्ती असल्याने तिसरीस वाव नाही. २००६ साली जी.व्ही.के. समूहाच्या नेतृत्वाखालील कंपनीकडे विमानतळाचे संचालन गेले. २०१४ साली नवे दुसरे टर्मिनल सुरू झाले. २०२१ साली संचालन अदानी समूहाकडे आले. इमारत वाढली, गेट वाढली, परंतु धावपट्टीची अडचण होती तेथेच राहिली. गर्दीच्या वेळी तासास ४६ विमाने, म्हणजे सरासरी दर ७८ सेकंदांस एक, असे प्रमाण गाठण्यात आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने हे प्रमाण गर्दीच्या तासांत ४६ वरून ४४ व इतर तासांत ४४ वरून ४२ असे कमी करावयास लावले, कारण विमानांना आकाशात घिरट्या घालीत राहावे लागत होते. तासास दोन विमाने कमी होणे ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण भरलेल्या वेळापत्रकात प्रत्येक कपातीचा अर्थ कोणाचे तरी उड्डाण रद्द होणे असा असतो.

४

स्लॉटच्या वाटपाचे जे नियम जगभर रूढ आहेत, त्यांचा गाभा साधा आहे. वर्षाचे उन्हाळी व हिवाळी असे दोन हंगाम पाडलेले असतात. ज्या कंपनीने एखाद्या हंगामात आपल्या स्लॉटच्या मालिकेचा किमान ८० टक्के वापर केला, तिला पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात तो स्लॉट मिळण्याचा प्रथम हक्क राहतो. वापर कमी पडल्यास स्लॉट परत जातो व नव्याने वाटला जातो. भारतातील वाटपाचा पायाही हेच तत्त्व आहे.

मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेच्या अभ्यासकास या नियमात काहीतरी ओळखीचे वाटेल. वतन हे वंशपरंपरेचे. सरंजाम हा चाकरीच्या अटीवर दिलेला आणि तत्त्वतः परत घेता येणारा. स्लॉट हा कायद्याच्या दृष्टीने सरंजामासारखा आहे: तो मालमत्ता नाही, सेवा चालू असेपर्यंतच तो धारकाकडे राहतो. परंतु अठराव्या शतकात अनेक सरंजाम जसे व्यवहारात वंशपरंपरागत होत गेले, तसेच दरवर्षी ८० टक्क्यांची अट पुरी करणाऱ्या कंपनीचा स्लॉटही वतनाच्या जवळ जातो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर स्लॉटची उघड खरेदी-विक्री होते, एवढी ही वहिवाट मौल्यवान ठरली आहे. भारतात तशी विक्री मान्य नाही. येथे वतन विकता येत नाही, पण सोडावेही लागत नाही.

हे वतन मोडते केवळ धारकाच्या नाशाने. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा मुंबईत २८० व दिल्लीत १६० असे ४४० स्लॉट रिकामे झाल्याचे शासनाने सांगितले. उन्हाळ्याच्या सुटीच्या तोंडावर तिकिटांचे दर चढले होते; म्हणून जादा विमाने आणणाऱ्या कंपन्यांना प्राधान्य देऊन हे स्लॉट तात्पुरते वाटण्यात आले. जेट पुन्हा उभी राहिली तर ते परत देता यावेत, हा ‘तात्पुरते’ या शब्दाचा हेतू होता. प्रत्यक्षात तसे घडले नाही. २०२१ साली राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, तेव्हा जुन्या स्लॉटवर ऐतिहासिक हक्क सांगण्यास जागा उरली नव्हती; आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या विसर्जनाचा आदेश दिला.

या प्रसंगातील महत्त्वाची गोष्ट वाटपाच्या कसोटीत आहे. तातडीची गरज होती ती आसनसंख्या भरून काढण्याची. म्हणून ज्याच्यापाशी मोठे विमान त्यास वेळ, हा क्रम स्वाभाविक ठरला. शेकडो स्लॉट एकाच वेळी मोकळे होण्याचा असा प्रसंग मुंबईच्या इतिहासात क्वचितच येतो. लहान शहरांच्या जोडणीचा विचार करण्याची ती संधी होती; ती तशी वापरली गेली नाही.

५

मोठे विमान आणि लहान गाव यांचा हा विरोध मुळात गणिताचा आहे. धावपट्टीस विमानाच्या आकाराशी फारसे कर्तव्य नसते. सुमारे ७० आसनांचे एटीआर विमान आणि १८० आसनांचे एअरबस ए-३२० विमान, दोघांनाही एकेकच स्लॉट लागतो. दिल्ली वा बंगळूर मार्गावर त्याच वेळेत अडीचपट उतारू नेता येत असतील, तर नाशिक, जळगाव किंवा शिर्डी या मार्गासाठी ती वेळ खर्च करण्यास कोणतीही कंपनी सहजी राजी होत नाही. येथे दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही. दुर्मीळ वस्तू जेथे अधिक फळते तेथे ती जाते, एवढाच याचा अर्थ.

ही स्वाभाविक प्रवृत्ती रोखण्याचा प्रयत्न म्हणून २०१६ साली प्रादेशिक जोडणीची ‘उडान’ योजना जाहीर झाली. निवडलेल्या मार्गावर कंपनीचा तोटा भरून देण्याची व तिकिटाच्या दरावर मर्यादा घालण्याची तरतूद तीत होती. पहिल्या फेरीत एअर डेक्कनला मुंबईहून नाशिक, जळगाव व कोल्हापूर हे मार्ग मिळाले. पैशाची तरतूद झाली, मार्ग मंजूर झाले, विमाने लहान असली तरी होती. अडले ते मुंबईच्या स्लॉटपाशी. केंद्र व राज्य शासनाच्या पाठपुराव्यानंतर २३ डिसेंबर २०१७ रोजी ही सेवा सुरू झाली. पण ती अनियमित राहिली व पुढे बंद पडली. तिच्या अपयशास कंपनीची स्वतःची दुर्बलताही कारणीभूत होती. तरी अनुदानाने तोटा भरून निघतो, वेळ भरून निघत नाही, हा धडा या प्रकरणाने स्पष्टपणे दिला.

शिर्डीची स्थिती नाशिकहून वेगळी होती. काकडीची धावपट्टी २५०० मीटर लांबीची असल्याने तेथे ए-३२० सारखी मोठी विमाने उतरू शकतात; म्हणून आसनसंख्येच्या गणितात ती मागे पडत नाही. तथापि मुंबई–शिर्डी हा मार्ग लहान आहे, आणि त्यास जमिनीवरील स्पर्धक बलवान लाभले. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. मुंबई–साईनगर शिर्डी वंदे भारत गाडी १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पाही पुरा झाला. जेथे मुंबईचा स्लॉट सर्वांत महाग आणि जमिनीवरील पर्याय सर्वांत सोयीचा, तेथे विमान टिकणे कठीण.

म्हणून शिर्डीच्या विमानवाहतुकीने जी दिशा घेतली ती विचार करण्यासारखी आहे. तिची वाढ मुख्यतः हैदराबाद, बंगळूर, चेन्नई व दिल्ली या शहरांशी झाली. दक्षिणेतील, विशेषतः तेलुगुभाषक, साईभक्तांची मोठी संख्या हे याचे पहिले कारण होय. परंतु दुसरे कारणही डोळ्यांआड करता येत नाही. हैदराबाद व बंगळूर येथील नवे विमानतळ २००८ साली शहराबाहेर मोकळ्या जागेवर सुरू झाले, आणि बंगळूरला २०१९ साली दुसरी धावपट्टी मिळाली. तेथे नव्या मार्गासाठी वेळ मागता येत होती. जिल्ह्याचा प्रशासकीय व व्यापारी संबंध पश्चिमेकडे मुंबई-पुण्याशी असताना त्याचा विमानमार्ग दक्षिणेकडे वळला, यात भक्तांच्या ओढीइतकाच केंद्रातील जागेचाही वाटा आहे.

काकडीच्या स्वतःच्या उणिवाही नमूद केल्या पाहिजेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये अपुऱ्या दृश्यमानतेमुळे तेथील उड्डाणे सुमारे महिनाभर ठप्प झाली, कारण कमी प्रकाशात विमान उतरविण्याची साधने तेथे नव्हती. रात्रीच्या उड्डाणांचा परवाना २०२३ साली मिळाला. या उणिवेचा केंद्रातील जागेशी निकटचा संबंध आहे. रात्री विमान घेऊ न शकणारा विमानतळ मोठ्या केंद्राकडे दिवसाची, म्हणजे सर्वांत गर्दीची वेळच मागू शकतो. रात्री उशिराची जी वेळ केंद्रात मोकळी असते, ती त्याच्या उपयोगाची नसते. काकडीच्या धावपट्टीवरील दिवे ही म्हणूनच केवळ स्थानिक सोय नव्हती. त्यांमुळे दूरच्या केंद्रांतील मोकळ्या वेळांचा उपयोग करणे शिर्डीस प्रथमच शक्य झाले.

६

वरील विवेचनातून एक निष्कर्ष निघतो. स्लॉट हा कंपनीचा असतो. मार्गाचा नसतो, गावाचा तर नसतोच. शिर्डीस जाणारे विमान ज्या वेळी मुंबईहून वा दिल्लीहून सुटते, ती वेळ कंपनी पुढच्या हंगामात दुसऱ्या शहरास देऊ शकते, आणि तिची ८० टक्क्यांची अट तरीही पुरी होते. विमानसेवा गेली तर गावाचे नुकसान होते. कंपनीची वहिवाट अबाधित राहते. काकडीच्या नव्या टर्मिनलची पायाभरणी ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाली, व त्यासाठी ६४५ कोटींहून अधिक रकमेची योजना आहे. सार्वजनिक द्रव्य मार्गाच्या एका टोकास ओतले जात असता दुसऱ्या टोकास त्या मार्गाचा कोणताही हक्क नसावा, ही विसंगती आहे.

ती अपरिहार्य मात्र नाही. युरोपीय समुदायाने १९९३ साली स्लॉटविषयी जे विनियम केले, त्यांत सार्वजनिक सेवेचे बंधन असलेल्या प्रादेशिक मार्गांसाठी गर्दीच्या विमानतळांवर काही स्लॉट राखून ठेवण्याची मुभा आहे. तेथे राखीव वेळ मार्गाशी बांधलेली असते. कंपनी बदलली तरी मार्ग उरतो. वहिवाटीच्या तत्त्वास धक्का न लावता त्यास अपवाद करण्याचा हा मार्ग आहे. त्याची किंमतही आहे, हे मान्य केले पाहिजे. राखून ठेवलेल्या प्रत्येक वेळेमागे मोठ्या शहरांतील काही उतारूंची आसने कमी होतात.

हा विचार प्रस्तुत काळी विशेष निकडीचा आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले व २५ डिसेंबर २०२५ रोजी तेथून उड्डाणे सुरू झाली. मुंबई महानगरास एवढ्या मोठ्या प्रमाणावर मोकळी जागा अनेक दशकांत प्रथमच लाभली आहे. परंतु १९९० नंतरच्या इतिहासाने दाखविले आहे की, जेथे नियम आधी केलेला नसतो तेथे आरंभीचा ताबाच नियम बनतो. नव्या विमानतळाच्या पहिल्या काही हंगामांत ज्या कंपन्या ज्या वेळा धरतील, त्या वेळा ८० टक्क्यांच्या नियमाने वर्षानुवर्षे त्यांच्याकडे राहतील. शिर्डी, नाशिक, जळगाव वा कोल्हापूर यांच्यासाठी काही वेळा राखावयाच्या असतील, तर त्या वहिवाट पडण्यापूर्वी राखाव्या लागतील. दौंड आणि मनमाड येथे कोणती गाडी कोणासाठी थांबावी, हे नगर जिल्ह्यास कधी ठरविता आले नाही. विमानमार्गांच्या बाबतीत तो प्रश्न अद्याप सर्वस्वी मिटलेला नाही. तो मोकळा राहण्याची मुदत मात्र थोड्या हंगामांची आहे.